दोन खोल्यांतला धडा

दोन्ही दारं तिने हलकेच लोटून घेतली आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. डावीकडच्या खोलीत थोरली, उजवीकडच्या खोलीत धाकटी. मुलींना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतल्यापासून आज पहिल्यांदा दोघी वेगवेगळ्या बसल्या होत्या. धडा एकच, प्रश्नही तेच. एकमेकींची मदत मात्र नाही.

खाली दुकानात नवरा चष्म्याच्या काचा घासत होता. चाकाची घरघर जिना चढून वर येईपर्यंत अगदी मऊ होत होती, कुणी झोपेत गुणगुणावं तशी.

"अगं, पुस्तकवाल्यांना संध्याकाळपर्यंत कळवायचंय," तो खालून म्हणाला. "एक संच की दोन?"

"तपासतेय अजून."

"पोरी आहेत त्या. डोळे नव्हेत, एक झाकून दुसरा तपासायला!"

ती हसली, पण मनात म्हणाली, का नाही? दुकानात नजर तपासायचं काम तिचंच होतं. एका डोळ्यावर काळी चकती ठेवायची आणि दुसऱ्यासमोर एकेक भिंग धरत विचारायचं, आत्ता बरं दिसतंय, की मघाशी दिसत होतं? दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा कमजोर डोळ्याचं काम परस्पर उरकून टाकतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

अभ्यासाच्या टेबलाशी नेमकं हेच चाललंय, अशी तिची खात्री झाली होती. ती धडा वाचून दाखवायची. थोरली लगेच म्हणायची, "कळलं." धाकटी हनुवटी टेबलावर टेकवून विचारायची, "म्हणजे कसं?" मग थोरली सुस्कारा टाकून समजावायला घ्यायची. मध्येच अडखळायची, काढलेली आकृती खोडायची, पुन्हा काढायची. शेवटी सगळं नीट जुळलं, की विजयी मुद्रेने म्हणायची, "आता तरी शिरलं का डोक्यात, ढमे?" धाकटी मान डोलवायची. पुढच्या पानावर पुन्हा "म्हणजे कसं?" अर्धी सकाळ त्यातच जायची.

खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा जिन्यावर पसरला होता. त्यात धुळीचे कण तरंगत होते, कुठेच जायची घाई नसल्यासारखे. त्यांच्याकडे बघता बघता तिचे डोळे जड झाले. तिला मोठ्या काचांची एक इमारत दिसली. आत पांढऱ्या कोटातली थोरली भराभर चालली होती. धाकटी कुठे असेल म्हणून तिने वळून पाहिलं, तर मागे नुसता लांबलचक उजेड होता आणि त्यात एक बारकीशी आकृती, सावकाश येणारी. हाक मारावी, तर आवाज फुटेना.

ती दचकून भानावर आली. ठरवायचं ते ठरवून टाकायला हवं होतं. थोरलीला वरच्या इयत्तेचा संच. धाकटीला सोपा, चित्रांचा. दोघींच्या वेळा वेगळ्या, खोल्याही वेगळ्या. धाकटीकडून कमी अपेक्षा ठेवल्या तर तिच्याही जिवाला त्रास नाही. 'कमी' हा शब्द मनातल्या मनातसुद्धा टोचला.

डावीकडचं दार उघडलं. थोरलीने कागद पुढे केला. अक्षर मोत्यासारखं. व्याख्या पुस्तकात होत्या तशा, शब्दही इकडचा तिकडे नाही. शेवटचा प्रश्न होता: आपण पायापासून डोक्यापर्यंत दिसायला आरसा निदान किती उंच हवा आणि का? तिथे लिहिलं होतं, 'आपल्या उंचीच्या निम्मा.' खाली 'कारण' एवढाच शब्द, आणि पुढे कोरं.

"कारण काय?"

थोरलीने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "वाचताना कळलं होतं गं आई. लिहायला बसले तर... नाहीच कळलेलं." तिचा चेहरा रडवेला झाला. असा चेहरा टेबलाशी कधी दिसला नव्हता.

"जा, पाणी पी," ती म्हणाली आणि उजवीकडचं दार ढकलून आत गेली.

धाकटी जमिनीवर पालथी पडून पाय हलवत होती. कागद शेजारी पडला होता. त्यावर काड्यांची एक बाई, समोर आरसा. बाईच्या डोक्याकडून एक रेघ आरशावर आदळून डोळ्यात आली होती, पावलाकडून दुसरी. दोन्ही रेघा जिथे आदळल्या होत्या, तेवढाच आरसा गडद केला होता. खाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मागे सरकलं तरी निम्माच लागतो. रेघा काढून बघा.'

तिने कागद दोनदा पाहिला. रेघा चोख होत्या.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. धड्यातच आहे की."

खालून हाक आली, "अगं, काय कळवू त्यांना?"

"थांबा जरा!" ती धाकटीशेजारी जमिनीवर बसली. "हे सगळं तुला एका वाचनात कळतं, तर मग रोज टेबलाशी 'म्हणजे कसं, म्हणजे कसं' काय विचारत बसतेस?"

धाकटी उठली. दाराशी जाऊन तिने बाहेर डोकावून पाहिलं, दार नीट लावून घेतलं आणि आईच्या कानाशी आली.

"हळू बोल ना. ताई नुसतंच 'कळलं' म्हणते तेव्हा मला लगेच समजतं, तिला नाही कळलेलं. म्हणून विचारते."