कानशिलातली शीर

डॉक्टरबाईंनी टॉर्चचा उजेड आजींच्या उजव्या डोळ्यावर टाकला, तशी बाहुली आकसली. मग उजेड डाव्या डोळ्यावर नेला. ती बाहुली आकसायचं सोडून हळूहळू मोठीच झाली. त्यांनी पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं तीनदा केलं. मग टॉर्च खिशात ठेवून दिला.

"डाव्या डोळ्यानं काय दिसतंय, आजी?"

"सकाळी उठल्यापासून काहीच नाही. अंधारसुद्धा नाही. तिथे डोळाच नसल्यासारखं."

आजींचा मुलगा खुर्चीमागे उभा होता. "नंबर भराभर बदलतोय तिचा," तो म्हणाला. "माझं चष्म्याचंच दुकान आहे. वीस वर्षं झाली. दोन महिन्यांत हा तिसरा चष्मा करून दिला."

आजींनी लगबगीने पिशवीतून तीनही चष्मे काढून मांडीवर मांडले. "काचा अगदी चांगल्यातल्या घातल्यात हो त्यानं. गिऱ्हाइकाला नाही घालत एवढ्या."

डॉक्टरबाईंनी चष्म्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी आजींच्या दोन्ही कानशिलांवर बोटं टेकवली. डावीकडे जरा दाब दिला, तर आजी डोकं चुकवत एकदम मागे सरकल्या.

"दुखतं?"

"चष्म्याची काडी रुतते ना तिथे."

"चष्मा आत्ता तुमच्या मांडीवर आहे, आजी."

आजींनी मांडीवरचे चष्मे जवळ ओढून घेतले.

"तुम्ही या इकडे," डॉक्टरबाई मुलाला म्हणाल्या. "बोट ठेवा. हळू."

जागा त्याला दाखवावी लागली नाही. पांढऱ्या केसांच्या कडेला, कातडीखाली, सुतळीसारखी टणक शीर लागली. उजव्या कानशिलावर बोटाला ठोका लागत होता, इथे नव्हता. आई दुकानात यायची, म्हणायची, अरे, इथे फार टोचतंय रे. मग तो काडी गरम हवेवर धरायचा, वाकवायचा, तिच्या कानावर चढवून बघायचा. सात-आठ वेळा तरी. दर वेळी अंगठा इथूनच जायचा. "आई, तुझं डोकं वाढत चाललंय," तो म्हणायचा, "एवढ्या बुद्धीचं करणार काय?" गिऱ्हाइकं हसायची. कानशील धरून आईही हसायची.

"केस विंचरताना दुखतं?"

"कंगवाच लावत नाही हल्ली. हातानेच सारखे करते."

"आणि चावताना?"

"चार घास खाल्ले की जबडा भरून येतो. थांबलं की बरं वाटतं. सूनबाई म्हणते, आई डाएटवर आहेत." आजी हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही.

"डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं होतं? येऊन गेलेला?"

"गेल्या आठवड्यात दोनदा."

तिसरा चष्मा तेव्हाचा होता.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ घेतली. "हा नंबर नाही. डोक्याकडे रक्त नेणाऱ्या शिरांना सूज आलीय. डोळ्याला रक्त नेणारी शीरही त्यात बंद झाली. डावा डोळा गेलाय, आजी. तो परत येणार नाही, हे मी आत्ताच सांगते. उजवा वाचवायचाय. तो आज जाऊ शकतो, आठवड्याने जाऊ शकतो. कानशिलातल्या शिरेचा तुकडा तपासायला उद्या काढू, पण औषध त्यासाठी थांबणार नाही. सलाइनमधून मोठा डोस, आत्ता, इथेच."

"म्हणजे," मुलाने विचारलं, "आधी आलो असतो तर..."

"हा डोळा बहुधा राहिला असता."

नर्स ट्रॉली ढकलत आत आली. आजी आपली बाही स्वतःच वर सरकवू लागल्या. दंडापाशी ती अडली, तर मुलाने पुढे होऊन दुमडून दिली, नीट, एकावर एक घड्या घालत.

डॉक्टरबाई लिहायला बसल्या. "कधीपासून आहे हे सगळं?"

"अडीच महिने होतील," आजी म्हणाल्या.

पेन थांबलं. "अडीच महिने! आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

मुलाचे हात बाहीवरच राहिले.

"नाही," आजी म्हणाल्या. "कुणालाच नाही. म्हटलं, वयाचं असेल."

"अहो आजी, घरात चष्म्याचं दुकान असलेला मुलगा, आणि तुम्ही त्याच्यापासून लपवलंत? एका शब्दानं बोलला असतात तरी त्यानं उचलून आणलं असतं तुम्हाला."

"चुकलंच हो माझं."

डॉक्टरबाईंनी मुलाकडे पाहिलं. रागावून नव्हे, कीव येऊन. त्याने बाहीची शेवटची घडी पक्की केली.

"तिची सवयच आहे ती," तो म्हणाला. "दुखलं-खुपलं कधी सांगायचंच नाही."

आजींनी आवाजाच्या दिशेला मान पुरती वळवली आणि उजवा डोळा त्याच्यावर धरला. बराच वेळ. मग मान परत सरळ केली.

"आजी, हात सैल सोडा," नर्स म्हणाली. "आणि दुखलं तर सांगायचं हं."

"नाही दुखत," आजी म्हणाल्या.

नर्सने अजून सुई उचललीसुद्धा नव्हती.