अकरा मिनिटं

“अकरा मिनिटं काउंटरवरचा स्क्रीन बंद राहील, सिस्टर,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “वायफायच्या सुरक्षेत फट सापडलीय. अपडेट टाकलं नाही, तर पेशंटची माहिती कुणीही बाहेर बसून वाचेल.”

अतिदक्षता विभागातल्या सगळ्यांच्या नाडीचे आकडे त्या स्क्रीनवर बसल्या जागी दिसत, त्यामुळे खाटेपाशी जाणं कमीच झालं होतं. आता प्रत्येक खाटेजवळ एकेकीने बसायचं ठरलं. निवृत्तीला आलेल्या कुमुदिनी सिस्टर सातव्या खाटेवरच्या आजोबांजवळ बसल्या. उशाशी मशीन चालूच होतं, तरी जुन्या सवयीने त्यांनी आजोबांचं मनगट धरलं आणि घड्याळ बघत नाडी मोजू लागल्या. आजोबांनी डोळे उघडले.

“सहा दिवसांत सगळ्यांनी सुई टोचायलाच हात धरला,” ते पुटपुटले.

मोजणं संपलं, तरी सिस्टरनी मनगट सोडलं नाही.

“झालं, सिस्टर,” अकरा मिनिटांनी कॉम्प्युटरवाला काउंटरवरून म्हणाला. “आता बाहेरच्याला काही दिसणार नाही.”

सिस्टर काउंटरवर आल्या. सहा दिवस एकशेदहाच्या खाली न आलेली आजोबांची नाडी स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशी दिसत होती. त्या बघत असतानाच आकडा चढू लागला. चौऱ्याण्णव. एकशेदोन.

सिस्टरनी स्टूल उचललं आणि त्या सातव्या खाटेकडे निघाल्या.