काळी रेघ
मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत संजीवनी परदेशातून परभणीला आली आणि थेट नागनाथमामांच्या घरी गेली. मामा तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचे; नुकतेच निवृत्त झाले होते. तिनं त्यांच्या हातात एक फोटो ठेवला. "मामा, प्रथिनं वीस तऱ्हेच्या अमिनो आम्लांची बनतात. जनुकात बदल करून आम्हाला त्यांत एकविसावं, आम्ही घडवलेलं आम्ल बसवायचं होतं. दोन वर्षं जमलं नाही. तिथले सर म्हणाले, काम बंद करा." "मंग?" "नुसत्या बोटांच्या घामानं आमचं नाजूक रसायन तुटत होतं. मग तुम्ही आठवलात. किती रागवायचात! आतून बोट लावू नको, डिस्टिल पाण्यानं विसळ, ओव्हनमधी तापव. मी सगळी भांडी तशी स्वतः धुतली. आठव्या दिवशी हे आलं." फोटोत डावीकडं काहीच नव्हतं, तिथं नवं आम्ल घातलंच नव्हतं, म्हणून प्रथिन पूर्ण झालं नव्हतं. उजवीकडं, जिथं ते घातलं होतं, तिथं पूर्ण बनलेल्या प्रथिनाची काळी रेघ उमटली होती. "ही तुमच्यामुळं आली, मामा," ती म्हणाली. मामांनी फोटो उजेडात धरला. मग त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं सुला, इकडं ये. एकतीस वर्षं भांडी धुतली मी. पोरं त्यात काय बनवायलीत, ते कुणी दाखवाय आलं न्हवतं. बघ, ही आलीय."