बारा सतराचा धडाका

आडगावात लग्नं लागतात ती विमानाच्या धडाक्यावर. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाभोवतीच्या हवेचं गणित संगणक इतकं बिनचूक मांडतो, की धडाका कोणत्या सेकंदाला गावावर आदळणार ते पंचांगातच छापून येतं. धुंडिराज गुरुजींनी मुहूर्ताची वेळ मोजायचं घटिकापात्र केव्हाच माळ्यावर टाकलं.

आजचा धडाका बारा सतराचा. बारा एकोणीस झाले तरी वऱ्हाड अक्षता मुठीत धरून उभंच. गुरुजींचं अकरावं मंगलाष्टक चाललं होतं. त्यात आता वाढप्यांचीही नावं आली होती.

"आवाज नाही, तर मुहूर्त नाही! मी नवरदेव परत नेतो," वराचे मामा गरजले.

"मामा, तो आवाज येणारच नाही!" अंतरपाटाआडून नवरी हेमांगी म्हणाली. ती याच हवेचं गणित करायची. जमिनीवर धडाका पोचू नये असं विमानाचं नवं नाक तिनेच आखलं होतं, आणि आज त्याचं पहिलं उड्डाण होतं.

"अगं बये, मग आधी सांगायचं नाहीस?"

"गणित फसलं असतं तर गावभर हसं झालं असतं, गुरुजी."

वर बघितलं तर विमानाची पांढरी रेघ मुकाट्याने गाव ओलांडून गेलेली. मामा नवरदेवाला न्यायला बोहल्याकडे निघाले.

गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला, "धडाम्!" असे ओरडले आणि अंतरपाट खाली ओढला.

अक्षता पडल्या. पहिली मूठ मामांचीच होती.