फडक्यांची वही

हातकणंगल्याच्या शेतकरी धोंडुबाईच्या पत्राला जिनपालअण्णांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. ‘तुम्ही जैन माणसं पाणी गाळून पिता म्हणं. तुमच्या फौंड्रीच्या काळ्या वाळूचं पाणी आमच्या हिरीत उतरतंय, ते कशानं गाळू?’

तेव्हा अण्णा त्या लोखंड ओतायच्या फौंड्रीचे हिशेबनीस होते. उत्तराचे चार कागद लिहिले, चारही फाडले. आपल्या शब्दांवर त्यांचा भरवसाच नव्हता. मग दर चतुर्दशीला ते हातकणंगल्याची एसटी धरू लागले. धोंडुबाई रानात गेलेली बघून विहिरीतलं घागरभर पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायचं, फडकं वाळवायचं, चार बोटांचा तुकडा कापून वहीत चिकटवायचा, खाली तारीख घालायची. पहिल्या वर्षीची काळीकुट्ट पानं त्यांनी मालकांच्या टेबलावर उघडी ठेवली आणि न बोलता घरी गेले. पुढच्या पावसाळ्याआधी विहिरीजवळ टाकलेला साच्यांच्या वाळूचा ढीग हलला. तीच वाळू धुऊन पुन्हा वापरायचं यंत्र आलं.

आज मालकांची लेक सोनल कारखान्याचा अहवाल भरत होती. नफ्याची पानं कधीच भरून झाली होती. कारखान्यानं माती-पाण्याचं काय केलं, ते पान मात्र कोरं होतं. आणि ते बघायला माल घेणाऱ्या कंपनीची माणसं दुपारी यायची होती. जुनं काही टिपण आहे का, असं तिनं अण्णांना बोलावून विचारलं, तेव्हा अण्णांनी चाचरत पिशवीतून वही काढली. ह्याला कुणी हिशेब म्हणणार नाही, असंही पुटपुटले.

सोनलनं पानं उलटली. काळं. राखी. मळकट. पिवळसर. शेवटचं फडकं वहीच्या कागदाहून पांढरं होतं.

“अण्णा, नफा काय, कुणी बी दाखवतंय की. ही वही पहिल्या पानावर जाणार. खाली नाव तुमचं. नको म्हणायचं न्हाय.”

अण्णांनी चष्मा पुसला. मग कात्री मागून घेतली आणि शेवटच्या फडक्याचा अर्धा तुकडा कापला.

पोस्टातल्या माणसानं धोंडुबाईच्या नावाच्या पाकिटावर शिक्का मारला, मग ते चाचपून बघितलं. “आजोबा, आत कागद घालायचा इसरला काय?”

“न्हाय,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खिडकीपलीकडं पोचला. “ताळेबंद हाय.”