काढलेल्या दाढेचा चावा

अक्कलदाढ तुकडे करून काढली, तेव्हापासून माझा जबडा आखडलाय. तोंड जेमतेम करंगळीएवढं उघडतं. बायको खूश. "घरात केवढी शांतता!"

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, रोज एक वाढवायची. आज काडीच्या टोकाला खोल चावा उमटला, बरोब्बर काढलेल्या दाढेच्या जागी.

"तिथे नुसता खड्डा आहे हो," डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या.

बायको मात्र हसेना. "अहो, आता तोंडात काही घालू नका."

जन्मभर गावाच्या खोड्या काढल्या मी, आणि माझ्याच तोंडात माझी खोडी? आरशासमोर उभा राहिलो, करंगळी थेट खड्ड्यावर टेकवली आणि बोबडा ओरडलो, "चाव, हिंमत असेल तर!"

इतके दिवस हटून बसलेला जबडा आपणहून सताड उघडला.