दुसऱ्या क्वार्टेटचं माहेर

"ही चाल कुठून आली?" गीतांजलीने तिसऱ्यांदा विचारलं.

"सुचली, मॅडम," तेजस म्हणाला.

तिच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये त्याने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली तीन स्ट्रिंग क्वार्टेट्स टेबलावर पसरली होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. आणि लिहिणारा सानपाडा गावातला बावीस वर्षांचा आगरी मुलगा. परदेशात दोन वर्षं शिकायची शिष्यवृत्ती जवळपास त्याच्या हातात होती. फक्त परीक्षक म्हणून गीतांजलीचा अभिप्राय जायचा होता. अर्जात त्याने लिहून दिलं होतं की सगळ्या चाली स्वतःच्या आहेत. ते खोटं ठरलं तर अर्ज बाद.

आणि गीतांजलीला तर प्रभाव हुडकायचा भारी नाद. सुरावटीचं माहेर सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे. पहिलं क्वार्टेट सोपं होतं, शहाण्या मुलाचा गृहपाठ. तिसऱ्यावर रशियन मंडळींची सावली होती. दुसऱ्यातली संथ चाल मात्र कुठेच बसेना. वर चढायची आणि खाली न उतरताच थांबायची. एवढ्याशा पोराला हे आपलं आपण सुचलं? तिला काही पटेना.

रविवारी ती त्याच्या गावात थडकली. गल्लीत कुणाची तरी हळद होती. मांडवात तेजसची काकी पुतळाबाई धवले गात होत्या. आगऱ्यांच्या लग्नात या गाण्यांशिवाय पान हलत नाही, आणि पुतळाबाई पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण.

चौथा धवला सुरू झाला आणि गीतांजली जागीच थांबली. तीच चाल. वर चढून तिथेच थांबणारी.

तिला आनंद झाला, अगदी लहान मुलीसारखा. गाणं संपताच ती पुढे झाली.

"मावशी, ही चाल किती जुनी?"

"लय जुनी. माजे आयशीची हाय," पुतळाबाई ठसक्यात म्हणाल्या. भोवतालच्या बायांनी माना डोलावल्या.

तेजस मांडवाच्या कडेला उभा होता.

"ऐकलंस?" गीतांजलीने विचारलं.

"हो."

"काही बोलायचंय?"

त्याने काकीकडे पाहिलं. पुतळाबाई हळदीची वाटी उगाच इकडची तिकडे करत होत्या.

"नाही, मॅडम. काकी बोलली तेच खरं."

सोमवारी तिने अभिप्राय पाठवला. चाल पारंपरिक, उल्लेख नाही. वाईट वाटलं तिला, पण नियम तो नियम. आठवड्यात अर्ज बाद झाला.

महिन्याभराने ती रेकॉर्डर घेऊन पुतळाबाईंच्या घरी गेली. घरात त्या एकट्याच होत्या. चहा झाला.

"मावशी, आईचे आणखी धवले ऐकवा ना."

पुतळाबाईंनी उठून दार लोटलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

"आयशीचे दोनच हायत. बाकी तेजसचे. तो भितीपल्याड वाजवतो, मी त्याच्यान शब्द घालते."

गीतांजलीचा कप हातातच राहिला. "मग त्या दिवशी तुम्ही..."

"बायांम्होरं कसं सांगू? आयशीकडून आला नाय तं धवला कोन मांडवात घेतंय? मना कोन बोलावंल मंग? तुमी गेल्यावर माजे जिवाला लागला. त्याला इचारलं, पोरा, तुजं काय नुकसान तं नाय ना झालं? तं बोलला, नाय गो काकी, मॅडमना चाल आवडली, येवढंच."